नाशिकहून वसई: एका दिवसाची सहल आणि फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष

वसईच्या किल्ल्याची एक दिवसाची सहल नाशिकहून निघते, हे मला सोसायटीच्या ग्रुपवरच्या जाहिरातीतून कळलं. चिमाजीअप्पांचा पराक्रम, बुरूज, खाडी, घरगुती जेवण असं सगळं मोठ्या अक्षरात होतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष, वास्तुरचनेच्या माहितीसह’. त्या एका ओळीसाठी मी पैसे भरले. माणशी १,८५० रुपये. त्यात गाडी, नाश्ता, जेवण, दुपारचा चहा आणि वसईचाच एक स्थानिक मार्गदर्शक. मत आधीच सांगून टाकते: सहल चांगली आहे, जरूर जा, पण नाव नोंदवतानाच मठासाठी वेळ वाढवून मागा.

मी जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं घेते. तिवंधा, भद्रकाली, पंचवटी हा माझा रोजचा भाग. त्यामुळे पडकी भिंत दिसली की ती कशानं पडली आणि उरलेली कशाच्या जोरावर उभी आहे, हे बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. या सहलीला मी आमच्या कामावरच्या जुन्या मिस्त्रींना घेऊन गेले. चुन्याच्या कामातला त्यांचा हात नाशकात फार थोड्यांकडे उरला आहे. ‘ताई, किल्ला बघून मी काय करू,’ असं आधी म्हणत होते. मठातून बाहेर पडताना मात्र त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

गाडी पहाटे पाचला मुंबई नाक्यावरून निघाली, पाथर्डी फाट्यावर आणखी काही जण चढले. सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर, गाडी स्वच्छ, चालक शांत. कसारा घाट उतरल्यावर नाश्ता झाला. साबुदाण्याची खिचडी गरम होती आणि महिलांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असलेलं ठिकाण आयोजकांनी मुद्दाम निवडलं होतं. हे लिहिते, कारण अशा सहलींत नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. भिवंडीच्या पुढे अंजूरफाट्याजवळ आयोजक ताईंनी माईक हातात घेतला आणि गंगाजी नाईक अंजूरकरांची हकिकत सांगितली. पोर्तुगीजांच्या जाचाची फिर्याद पेशव्यांपर्यंत नेणारा आणि मराठ्यांची मोहीम या मुलखात यावी म्हणून खटपट करणारा माणूस याच अंजूरचा. इतकी वर्षं त्या फाट्यावरून मुंबईला जाते, पण त्या गावाच्या नावामागे हे आहे हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. कामणच्या रस्त्याला हाडं खिळखिळी होतात, त्याला आयोजकांचा इलाज नाही.

किल्ल्यात आमचा मार्गदर्शक भेटला. वसईचाच तरुण मुलगा, घरी सामवेदी ही वसईची बोली बोलणारा, आमच्याशी स्वच्छ मराठीत. पहिला दीड तास तटबंदी आणि लढाईत गेला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या दबावाखाली होता, म्हणून १५३४ मध्ये त्यानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं, तटाच्या आत एक अख्खं पोर्तुगीज शहर नांदत होतं. चिमाजीअप्पांच्या वेढ्यात सॅन सॅबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला, मे महिन्यात किल्ला आला. ज्या ख्रिस्ती रहिवाशांना मागे राहायचं होतं त्यांना धर्म पाळायची मोकळीक तहात दिली गेली. हा तपशील त्यानं न विसरता सांगितला, ते मला आवडलं.

सेंट जोसेफच्या चर्चच्या मनोऱ्याखाली आला तेव्हा त्यानं विचारलं, ‘नाशिककर आहात ना, मग आमची घंटा कशी आहे?’ सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘नारोशंकराची!’ असं निघालं. गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावरची ती अजस्र काशाची घंटा वसईच्या विजयाची खूण म्हणून आलेली. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि देऊळ १७४७ चं. अशाच वसईच्या घंटा भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीलाही आहेत. घंटेपर्यंत पुराचं पाणी चढलं की नाही यावर आमच्या पंचवटीत पुराची गोष्ट सांगितली जाते. ती कुठल्या गावाच्या हवेत आधी वाजत होती, हे त्या मनोऱ्याखाली उभं राहून वर बघितल्यावर नीट डोक्यात शिरलं.

मग मठ. जाहिरातीतली बारीक ओळ इथे सुरू झाली आणि खरं सांगायचं तर सहलही.

संत अँथनीच्या नावाचं हे चर्च आणि त्याला जोडून असलेला फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ सोळाव्या शतकाच्या मध्यातला. अँथनी जगभर ‘पादुआचा’ म्हणून ओळखला जात असला तरी जन्म लिस्बनचा, त्यामुळे पोर्तुगीज त्याला आपल्या घरचा मानत. वसईत या पंथाचं काम उभं केलं ते अँतोनिओ दो पोर्तो या साधूनं, १५४० च्या दशकात. या माणसाबद्दल आमच्या मार्गदर्शकानं काहीही लपवलं नाही. त्यानं या भागात चर्च बांधली, अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि देवळंही पाडली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात त्यानं प्रार्थनास्थळ केलं, डोक्यावर मठ आणि विद्यालय उभं केलं. त्या विद्यालयाच्या पडक्या भिंती लेण्याच्या माथ्यावर आजही दिसतात. ऐकताना आमच्या गटातले एक काका चिडले, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं. मार्गदर्शक म्हणाला, ‘काका, मी ख्रिस्ती आहे आणि हे मीच तुम्हाला सांगतोय. झालं ते झालं म्हणून सांगायचं, त्यात डावं-उजवं करायचं नाही.’ त्यानंतर काका सगळ्यात पुढे उभे राहून ऐकत होते. इतिहास सांगणाऱ्याकडे हा सरळपणा असला की ऐकणाऱ्यालाही भिंतीकडे मोकळेपणानं बघता येतं. मी पूर्ण गुण देते ते इथे.

गोन्सालो गार्सियाबद्दलचा एक घोळही त्यानं सोडवला. वसईत जन्मलेला, भारतात जन्मून संतपदाला पोचलेला हा पहिला माणूस. फ्रान्सिस्कन म्हणून प्रसिद्ध असल्यानं तो याच मठात वाढला असं बरेच जण धरून चालतात. तो शिकला जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे, त्यांच्याबरोबर जपानला गेला, आणि फ्रान्सिस्कन झाला तो मनिलात. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांतला तो एक. संत म्हणून जाहीर झाला १८६२ मध्ये.

आता इमारत.

चर्चच्या मुख्य दालनावर छप्पर नाही. उंच भिंती, वर मोकळं आभाळ, खाली दगडी फरशी. नवखा माणूस म्हणतो, ‘छप्पर उडवलं असेल तोफांनी.’ तसं नसतं. एवढ्या रुंद दालनावर लाकडी कैच्या आणि वर कौलं असायची. माणसं गेली, कौलं फुटली, दुरुस्ती थांबली, लाकूड काही कुजलं आणि काही लोकांनी नेलं. तोफ न लागताही छप्पर जातं. आमच्या भद्रकालीत मी असे वाडे बघितले आहेत जे कुलूप लागल्यापासून काही पावसाळ्यांतच आभाळाला उघडे झाले. दालनाच्या दोन्ही अंगांना मात्र छोटी चॅपेल आहेत, त्यांतल्या काहींवर दगडी कमानीचं छत अजून शाबूत आहे. लाकूड गेलं, दगड राहिला, इतकी सरळ गोष्ट.

ती चॅपेलं नुसती प्रार्थनेची जागा नाहीत, हे मिस्त्रींनी ओळखलं. कमानीचा स्वभाव असा की ती वरचं वजन खाली आणताना बाजूलाही ढकलते. आमच्या वाड्यात सागवानी खांबावर तुळई आडवी बसते, तिचं वजन सरळ खाली जोत्यात उतरतं. बाजूला ढकलणं हा प्रकारच नाही. दगडी कमान उभी करायची तर तिला दोन्हीकडून कोणीतरी धरून ठेवावं लागतं. मिस्त्री एका चॅपेलच्या आडव्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘ताई, ती कमान हिकडं ढकलती, आन् ही भिंत तिला धरून बसलीय. म्हणून तर एवढी उंच भिंत पडली न्हाई.’ दोन चॅपेलांच्या मधल्या त्या आडव्या भिंती म्हणजे मोठ्या भिंतीला बाहेरून दिलेला आधारच होता. मार्गदर्शकानं वहीत लिहून घेतलं.

दगड बघायला आम्ही खाली बसलो. भिंतींचा आतला भराव डबराचा, त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो बराच गळून गेलाय. पण कोपरे, दाराच्या चौकटी, कमानी घडीव काळ्या दगडाच्या आहेत. टाकीचे घाव बारीक, तिरपे, एका मापाचे. एका चौकटीच्या दोन दगडांमध्ये मिस्त्रींनी अंगठ्याचं नख घालून बघितलं, शिरलं नाही. ‘दर्जा भरायला जागाच ठेवली न्हाई,’ म्हणाले, म्हणजे सांध्यात चुना भरायला फटच नाही, आणि बराच वेळ त्या दगडावरून हात फिरवत राहिले. जिथे गिलाव्याचा पोपडा सुटला होता तिथे चुन्यात पांढरे, चमकणारे तुकडे दिसत होते: शिंपल्याचे. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करतात, त्यांतले न भाजलेले कण तसेच राहिले. आमच्या घाटावर चुनखडीचा चुना. इथला हाताला वेगळा लागतो, जास्त खरखरीत.

वसईचा हा दगड त्या काळी नावाजलेला होता. थेट गोव्याला जहाजानं जायचा. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चची इमारत तिथल्या जांभ्याची, पण तिचा कोरीव दर्शनी भाग वसईहून नेलेल्या काळ्या दगडाचा आहे. जांभ्यात नाजूक कोरीव काम टिकत नाही, काळ्या दगडात टिकतं, म्हणून एवढा खटाटोप. आपला पांडवलेण्यांचा डोंगर, काळारामाचं देऊळ आणि वसईची ही चर्च एकाच जातीच्या दगडाची, लाव्हा थंड होऊन झालेला दख्खनचा काळा बसाल्ट. मिस्त्रींना हे सांगावं लागलं नाही, त्यांच्या हाताला आधीच कळलं होतं.

दालनाच्या फरशीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत. काहींवर घराण्यांची चिन्हं, काहींवर पोर्तुगीज अक्षरं, काही पायांखाली आणि पावसाखाली गुळगुळीत झालेल्या. त्या काळच्या पोर्तुगीज थडग्यांवर ‘हे थडगं अमुक याचं आणि त्याच्या वारसांचं’ असा मजकूर बऱ्याचदा असतो. चर्चच्या आत पुरलं जाणं ही मोठी गोष्ट होती, आणि ती फुकट मिळत नसे. श्रीमंत घराणी चॅपेलासाठी पैसे देत, त्याच्या देखभालीची सोय करत आणि बदल्यात त्या जमिनीत आपल्या कुळासाठी जागा मिळवत.

इथे मला थांबून विचार करावासा वाटला. फ्रान्सिस्कन हा पंथ १२०९ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसनं सुरू केला तो निष्कांचनतेच्या व्रतावर. जाडंभरडं कापड, कमरेला तीन गाठींची दोरी, पायात चपला, आणि अन्न भिक्षेचं. अशांच्या नावावर एवढी दगडी वास्तू कशी उभी राहते? उत्तर पायाखालच्या शिळांवरच आहे. राजाकडून मदत यायची आणि शहरातले धनिक द्यायचे. साधूंचं काही नव्हतं, देणाऱ्यांचं होतं, म्हणून देणाऱ्यांची नावं दगडात.

आणि मग मला आमची पांडवलेणी आठवली. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्रीनं भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दिलं, तिचा नातू पुळुमावीच्या काळात. ते दान तिथल्या लेखात कोरलेलं आहे आणि लेण्यासाठी गाव लावून दिल्याचंही. भिक्षू तेही भिक्षेवर जगणारे. मधे चौरस मंडप, तीन बाजूंनी भिक्षूंच्या अठरा खोल्या. आता वसईच्या मठाच्या चौकात या. चर्चच्या कुशीत एक चौरस अंगण, त्याभोवती कमानींचा फिरता सोपा, त्याच्या मागे खोल्या. साधूंनी जेवायचं, एकत्र बसायचं ते खाली आणि निजायच्या खोल्या वर, अशी या मठांची सर्वसाधारण रीत. दोन्हींमध्ये सुमारे चौदाशे वर्षं, वेगळा धर्म, वेगळा समुद्र. पण रोज पहाटे उठून प्रार्थना, मग मौन, मग एकत्र जेवण, असं आयुष्य जगणाऱ्यांना एक मोकळी जागा मधोमध लागते आणि तिच्याकडे तोंड करून खोल्या लागतात. नाशिकच्या माणसाला हा मठ परका वाटायचं कारण नाही. मार्गदर्शकाला पांडवलेण्यांबद्दल माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइलवर लेण्याचा नकाशा उघडून त्या चौकातच जुळवून बघितला. असा शिकणारा माणूस सहलीला मिळणं हे नशीब.

या चौकात त्यानं एक चांगली सवय लावली. भिंतीवर ठरावीक उंचीला एका ओळीत चौकोनी खोबण्या दिसतात, त्या बोटानं मोजायला लावल्या. तिथे वरच्या मजल्याच्या तुळया बसत. एकदा ती ओळ डोळ्यांना दिसली की अख्खा मजला दिसायला लागतो: इथे जमीन, तिथे खिडकी, त्या अर्धवट दारातून वरच्या सोप्यात यायचं. आमच्या गटात दहावीतली एक मुलगी होती. ती पुढे प्रत्येक भिंतीपाशी धावत जाऊन ‘इथे मजला होता, इथे नव्हता’ असं सांगत सुटली. तिच्या वडिलांनी तिला हाक मारून मारून घसा कोरडा केला.

मठ पडला कसा, याचं उत्तर बहुतेक सहलींत ‘मराठ्यांनी घेतला आणि ओस पडला’ एवढ्यावर संपतं. इथे ते नीट सांगितलं गेलं. १६१८ च्या मे महिन्यात वसईवर भयंकर वादळ आलं होतं, चर्चांची छपरं तेव्हाही उडाली होती. पण तेव्हा शहर श्रीमंत होतं, साधू जागेवर होते, दुरुस्ती झाली. १७३९ नंतर दुरुस्त करणारेच उरले नाहीत. १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडार्डनं किल्ल्याला वेढा घातला, पुन्हा तोफा. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. तोपर्यंत आतलं शहर गेलेलं होतं. पुढचं काम पावसानं केलं. छप्पर नसलेल्या भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत मुरतं, चुना धुपतो, भराव सैल होतो, त्या फटीत पक्ष्यांनी टाकलेलं वडा-पिंपळाचं बी रुजतं. एका कमानीवर पिंपळाची मुळी मनगटाएवढी झाली होती. मिस्त्री म्हणाले, ‘ही आता वरून तोडून चालणार न्हाई. मूळ मेलं की पोकळी राहती, आन् दगड सुटतो.’ त्यांनी आमच्या वाड्यांवर अशी मुळं काढली आहेत. आधी झाड मारायचं, मग थोडं थोडं कापत जायचं, आणि निघालेली पोकळी लगेच चुन्यानं भरत जायची. तिथे सिमेंट भरलं तर आतलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते आणि शेजारचा दगड फुटतो. पंचवटीत किती लोकांना हे समजावून सांगायचं.

आता तक्रारी, कारण आयोजक हे वाचतील अशी आशा आहे.

पहिली आणि मोठी: वेळ. बुरुजांवर आणि फोटोंत सकाळ गेली, आणि मठाच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला, तोही ऊन डोक्यावर आल्यावर. चौकात उभं राहून भूक लागलेली माणसं घड्याळ बघत होती. ज्या भागासाठी त्यांच्याकडे इतका चांगला माणूस आहे, तोच भाग घाईत उरकला. मठ सकाळी आधी घ्यावा. तेव्हा ऊन तिरपं असतं, टाकीचे घाव आणि शिळांवरची झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडातच वाचता येतात. भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

दुसरी: छापलेला नकाशा. प्रत्येकाला एक पान दिलं, कल्पना उत्तम. पण त्यात जेझुइटांच्या आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चची नावं उलटसुलट छापली होती. मार्गदर्शकानं स्वतः पेनानं सगळ्यांच्या पानावर दुरुस्त करून दिली. जेझुइटांचं चर्च ओळखायचं तर दर्शनी भागावर खांब आणि कोरीव काम आहे, ‘आयएचएस’ ही त्यांची खूण आहे. फरक इतका ठळक असताना नकाशा चुकायला नको होता. घरी जाऊन कोणी मुलांना तो दाखवेल आणि चूक पुढे चालू राहील.

तिसरी: लाउडस्पीकर नव्हता, आणि त्या दिवशी किल्ल्यात लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेल्या जोड्यांची गर्दी होती. एका चॅपेलात धुराची नळकांडी फोडून कोणी फोटो काढत होतं. चारशे वर्षांच्या गिलाव्यावर तो रंगीत धूर बसतो. आमचा मार्गदर्शक शांतपणे जाऊन त्यांच्याशी बोलला, ते थांबले. त्याला आवाज चढवावा लागला नाही, पण आमची दहा मिनिटं गेली. भिंतींवर खिळ्यांनी कोरलेली नावं तर जागोजाग आहेत. ती पाहून मिस्त्रींचा चेहरा पडला होता.

जेवण वसई गावात एका घरी. साधं, चविष्ट, भात आणि माशाची आमटी. शाकाहारी मंडळींसाठी वालाची उसळ आणि भाकरी. पोचायला उशीर झाला म्हणून आमटी दुसऱ्यांदा गरम केलेली होती, पण वाढणाऱ्या काकूंनी आग्रहानं वाढलं. परत निघताना त्यांच्याकडून सुकेळी घ्यायला विसरू नका. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, हे वसईचं खास. प्रवासात खराब होत नाहीत.

परतीला कसारा घाटात गाड्या तुंबल्या, नाशकात पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर शनिवारचीच तारीख घ्या.

दुसऱ्या दिवशी मी आयोजक ताईंना फोन केला आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नकाशा दुरुस्त करून छापायला टाकते म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी मठ सकाळी पहिला घेऊ, असंही. तशी वेगळी तारीख लावली तर आमच्या कामावरचे आणखी दोन गवंडी यायला तयार आहेत, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, साप असतात, शेवाळानं दगड निसरडे होतात. बंद बूट घाला. पाणी माणशी दोन लिटर घ्या. टोपी हवीच, आत सावली फक्त चॅपेलांत. चालणं बरंच आहे आणि जमीन खडबडीत, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आयोजकांना आधी कळवा, गाडी मठाच्या बरीच जवळ नेता येते. लहान मुलं असतील तर पडक्या जिन्यांपासून लांब ठेवा. छोटी विजेरी सोबत असू द्या, चॅपेलाच्या छताचे दगड बघायला उपयोगी पडते. आणि नाव नोंदवताना हे दोन प्रश्न विचारा: मार्गदर्शक वसईचाच आहे ना, आणि मठाला किमान दीड तास आहे ना.